चिंध्यांचे मोल

गोधडी म्हणा की वाकळ, आपल्या घरांत ती विकत आणण्याची वस्तू कधीच नव्हती. आजीचे विरलेले लुगडे वरच्या अंगाला, जुने धोतर किंवा चादर खालच्या अंगाला, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर आणि त्यावरून कडेपासून मध्यापर्यंत फिरत जाणारा धावदोरा, एवढ्यावर ती तयार होत असे. तिला किती दुपारी लागल्या, याची नोंद कुठे होत नसे आणि तिची किंमतही कोणी विचारीत नसे. जुन्या कपड्यांतून अशीच पांघरुणे शिवणाऱ्या स्त्रियांचे एक गाव अमेरिकेत आहे. तेथे मात्र हा किमतीचा प्रश्न उभा राहिला. त्या गावाची हकिकत आपल्याकडील प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे.

अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स परगण्यात अलाबामा नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले बॉयकिन नावाचे गाव आहे. जगाला ते ‘जीज बेंड’, म्हणजे ‘जी यांचे वळण’, या जुन्या नावानेच माहीत आहे. जोसेफ जी याने 1816 साली येथे गुलामांच्या श्रमावर कापसाचा मळा उभा केला. पुढे 1845 साली 29 हजार डॉलरच्या कर्जाच्या फेडीत तो मळा मार्क पेटवे या नातेवाइकाकडे गेला. जमिनीबरोबर माणसांचीही मालकी बदलली. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, तरी बहुतेक कुटुंबे तेथेच वाट्याने शेती करीत राहिली. मालकाचे आडनावही त्यांना कायमचे चिकटले. त्यामुळे रक्ताचे नाते नसलेली कितीतरी कुटुंबे आजही तेथे पेटवे हेच आडनाव लावतात.

कर्जाने या गावाची पाठ पुढेही सोडली नाही. जागतिक मंदीत कापसाचा भाव कोसळला. गावकऱ्यांना उधारी देणारा कॅम्डेन येथील व्यापारी 1932 मध्ये वारला आणि त्याच्या विधवेने सारी थकबाकी एकदम वसूल करण्याचे ठरविले. अवजारे, गाड्या, जनावरे, कोंबड्या, साठवलेला मका, जे हाती लागले ते घरांघरांतून उचलून नेण्यात आले. त्या हिवाळ्यात रेडक्रॉसचे धान्य आले म्हणून माणसे जगली.

अशा गावात गोधडी ही हौसेआधी गरज होती. लाकडी घरांच्या फटींतून वारा आत येई. तो अडविण्यासाठी भिंतींना जुनी वर्तमानपत्रे चिकटवीत आणि रात्री एकावर एक गोधड्या पांघरून मुले झोपत. शेतावरचे झिजलेले डेनिमचे कपडे, पिठाची व साखरेची पोती, जुने झगे, सारे काही त्यांत जाई. कापूस पिकविणाऱ्या या स्त्रियांना भरणासाठी चांगला कापूस मिळत नसे. सरकी काढण्याच्या गिरणीतील जमिनीवरचा कचरट कापूस झाडून आणायचा, काठीने बडवून मोकळा करायचा आणि तो दोन थरांमध्ये पसरायचा, अशी रीत होती. वरचा भाग प्रत्येक स्त्री आपल्या घरी, आपल्या मनाप्रमाणे जोडी. मग शेजारणी एकत्र बसून तिन्ही थरांत टाके घालीत. चौकोनात चौकोन बसविण्याच्या नमुन्याला त्या ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर, म्हणतात. पण नमुना ठरला असला तरी तो तंतोतंत पाळलाच पाहिजे, असा नियम नव्हता. हाताशी असलेला तुकडा संपला की रेघ तिथेच वळत असे.

या गावातील मिझुरी पेटवे हिची गोधडी विशेष प्रसिद्ध आहे. पतीच्या निधनानंतर 1942 मध्ये तिने त्याचे शेतावरचे कपडे काढले. मुलगी आर्लोन्झिया हिला मदतीला घेऊन विजारींचे पाय आणि सदऱ्यांचे मागचे भाग उसवून फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावे, एवढाच तिचा हेतू होता, असे त्या मुलीने पुढे सांगितले. उन्हाने विटलेला निळा रंग आणि काळपट डाग तिने लपविले नाहीत. ते त्याच्या कष्टाचेच डाग होते.

हक्कांच्या लढ्यात या गावाला पुन्हा किंमत मोजावी लागली. कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी नदी ओलांडून कॅम्डेनला जाऊ लागले, तेव्हा 1962 मध्ये तेथील नावेची फेरीच बंद करण्यात आली. पलीकडे दिसणारे गाव रस्त्याने तासाभराहून लांब झाले. नोंदणी केली म्हणून काही कुटुंबांना घरे सोडावी लागली. याच सुमारास फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या धर्मगुरूंनी परगण्यात फिरताना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. त्यांनी एकेक गोधडी 10 डॉलर रोख देऊन घेतली आणि त्या न्यूयॉर्कमध्ये लिलावाने विकल्या. त्यातून 26 मार्च 1966 रोजी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली. एस्टेल विदरस्पून यांनी अनेक वर्षे तिचे व्यवस्थापन सांभाळले. संस्थेने जमीन घेतली, शिवणकामाची इमारत बांधली आणि घर गमावलेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतील तुकडे विकत दिले. अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा प्रथमच आला.

मात्र बाजारपेठेच्या अटी होत्या. दुकानांना ठरावीक नमुना, ठरावीक माप आणि सारखा टाका हवा होता. म्हणून नवे कापड आले आणि मनासारखी रेघ वळविण्याची मुभा गेली. 1972 मध्ये सिअर्स या मोठ्या विक्री कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशीखोळींचे काम मिळाले. सदस्यांनी त्या एकसारख्या खोळी मोठ्या संख्येने शिवून दिल्या. कापताना उरलेल्या पट्ट्या मात्र त्यांनी घरी नेल्या. शेवाळी, सोनेरी, तांबूस अशा त्या जाड कापडाच्या तुकड्यांतून त्यांनी पुन्हा आपल्या मनाच्या गोधड्या जोडल्या. मागणीप्रमाणे केलेल्या खोळी केव्हाच वापरून झिजल्या असतील. उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या आज संग्रहालयांत आहेत.

तेथवर पोचायलाही काळ जावा लागला. गावात जुनी गोधडी जाळून तिच्या धुराने डास पळविण्याची पद्धत होती. कितीतरी सुंदर गोधड्या अशाच गेल्या. 1990 नंतरच्या दशकात संग्राहक विल्यम आर्नेट यांनी अ‍ॅनी मे यंग यांच्या गोधडीचे छायाचित्र एका पुस्तकात पाहिले आणि शोध घेत ते गावात आले. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरले. जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने दहा गोधड्यांची तिकिटे काढली. त्याच वर्षी नदीवरची फेरी 44 वर्षांनी पुन्हा सुरू झाली. मिझुरीची ती गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहात आहे.

कीर्ती आली तसा हिशेबाचा वादही आला. नमुन्यांवर हक्क कोणाचा आणि विक्रीतील वाटा किती, या प्रश्नावर 2007 मध्ये तीन स्त्रिया न्यायालयात गेल्या. 2008 मध्ये प्रकरणे तडजोडीने मिटली. ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही संस्था 2012 मध्ये बंद झाली, पण गावातली शिवण थांबली नाही. 2021 पासून अनेक स्त्रिया आपल्या नावाने, स्वतः ठरविलेल्या किमतीला, इंटरनेटवरून गोधड्या विकू लागल्या आहेत. गोधडी तीच राहिली. किंमत सांगणारा माणूस बदलला आणि या साऱ्या प्रवासात हाच बदल सर्वांत मोठा ठरला.

आपल्याकडेही गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत. कापड आपलेच जुने असते, म्हणून त्यांच्याशी मजुरीत घासाघीस होते. पण जुन्या कापडाचे पांघरूण होते ते त्यांच्या टाक्यांमुळे, तेव्हा दर ठरविताना ते टाके मोजलेले बरे. आणि घरच्या पेटीत आजीच्या हातची एखादी गोधडी अजून असेल, तर तिच्या कोपऱ्यावर आजीचे नाव आणि साल दोऱ्याने घालून ठेवावे. त्यातले लुगडे कोणाचे, सदरा कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच ते विचारून घेता येईल.