तीन मजली धक्का

मरे नदीच्या मुखापासून उलट्या प्रवाहाने निघालं, तर सतराशे किलोमीटरच्या आसपास आत गेल्यावर इचूका लागतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर सीमेवरचं हे शेतकऱ्यांचं गाव. कालव्याचं पाणी, टोमॅटोचे मळे, दुभत्या गायी, थोडं पलीकडे गेलं की गहू. अशा ठिकाणी एक बंदर आहे, आणि 1870 च्या दशकात व्हिक्टोरियात मेलबर्नच्या खालोखाल याच बंदराचा क्रमांक होता, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटते. काठावर जाऊन उभं राहिलं की विश्वास बसतो.

इथला धक्का तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर रेल्वेचे रूळ, आणि खाली एकाखाली एक असे आणखी टप्पे, थेट पाण्यापर्यंत. हा थाट शोभेसाठी नाही. मरेचं पाणी पूर्वेकडच्या डोंगरांतून येतं. तिकडचा पाऊस आणि वितळलेलं बर्फ हिवाळ्याच्या शेवटी एकदम खाली उतरलं की नदी कित्येक मीटर चढायची आणि उन्हाळा सरता सरता तितकीच ओसरायची. आपल्याकडे नदीला घाट बांधला की पाण्याबरोबर माणूस पायऱ्या चढतो-उतरतो. इथे लोकरीच्या गाठी चढवायच्या होत्या. म्हणून पाणी जिथे असेल त्या मजल्याला बोट लावायची आणि क्रेनने माल उचलून वर उभ्या असलेल्या मालगाडीत टाकायचा, अशी सोय केली. आज खालच्या मजल्यांवर उतरून खांबांच्या गर्दीतून फिरता येतं. वर पर्यटकांची वर्दळ, खाली चिखलाचा आणि ओल्या लाकडाचा वास. मला विचाराल तर बंदर पाहायचं ते खालून.

गावाची सुरुवात एका शिक्षा झालेल्या कैद्याने केली. हेन्री हॉपवूड मूळचा लँकेशायरचा. चोरीचं रेशीम घेतल्याबद्दल 1834 मध्ये त्याची रवानगी व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला झाली होती. शिक्षा भोगून तो मरेकाठी आला. पलीकडच्या तीरावर, आजच्या मोआमा गावी, जेम्स मेडन या गृहस्थाची नदीपार नेणारी तर चालत होतीच. हॉपवूडने आपली वेगळी तर सुरू केली, पुढे तरंगता पूल टाकला, हॉटेल काढलं. नदी ओलांडणाऱ्याला आधी पैसे मोजायला लावायचे आणि मग जेवू घालून पुन्हा मोजायला लावायचे, हा त्याचा धंदा. त्याचं ब्रिज हॉटेल अजून उभं आहे. 1869 मध्ये तो वारला, पण आपल्या गावात रेल्वे आलेली पाहूनच.

कारण खरी उलथापालथ 1864 साली झाली. त्या वर्षी मेलबर्नहून निघालेली रेल्वे इचूकाला येऊन पोहोचली. तोवर मरेवर आगबोटी धावायला लागून दहा-अकरा वर्षं झाली होती. 1853 मध्ये विल्यम रँडेलची ‘मेरी अ‍ॅन’ आणि फ्रान्सिस कॅडेलची ‘लेडी ऑगस्टा’ या दोन बोटींनी एकाच मोसमात नदी वर चढून दाखवली होती. कॅडेलच्या मागे पैसा आणि प्रतिष्ठा होती. रँडेल पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. त्याच्या बोटीचं बॉयलर चौकोनी होतं, आणि वाफेचा दाब चढला की त्याच्या भिंती फुगायच्या, म्हणून त्याला साखळदंड गुंडाळले होते. आज तेच बॉयलर नदीच्या खालच्या अंगाला मॅनम गावच्या संग्रहालयात जपून ठेवलंय.

रेल्वे आली आणि या बोटींना माल उतरवायला जागा मिळाली. मरे, मरंबिजी, डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यांत मेंढ्यांची अफाट कुरणं होती, रस्ते जवळजवळ नव्हतेच. बैलगाडीने महिनोन्‌महिने लागायचे. आता लोकर बोटीने इचूकाला, तिथून आगगाडीने मेलबर्नला आणि तिथून जहाजाने इंग्लंडला जाऊ लागली. परतीच्या खेपेला पीठ, साखर, चहा, दारू, तारेची भेंडोळी, पियानोसुद्धा. धक्का 1865 पासून बांधायला घेतला आणि वाढवत वाढवत तीनशे मीटरच्या पुढे नेला.

या बोटींचा तळ सपाट असे, बूड पाण्यात मीटरभरसुद्धा जात नसे. चांगलं दव पडलं तरी आमची बोट तरंगेल, अशी खलाशांची फुशारकी. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाकं, मध्ये बॉयलर, आणि मागे दोराने बांधलेली बार्ज. बहुतेक माल या बार्जवरच लादलेला असायचा. कप्तानाकडे नदीचा नकाशा असे, तोही कापडावर काढलेला. तो दोन रुळांवर गुंडाळायचा आणि बोट पुढे सरकेल तसा उलगडत न्यायचा. प्रत्येक वळण, प्रत्येक खडक, पाण्यात पडलेलं प्रत्येक झाड हाताने टिपलेलं. पाणी आटलं की मात्र नकाशाचा उपयोग शून्य. ‘जेन एलायझा’ ही बोट 1880 च्या दशकात डार्लिंगवरून बर्कला जायला निघाली आणि दुष्काळात अडकत अडकत पोहोचायला तिला तीन वर्षं लागली, असं सांगतात. परतताना मात्र पूर होता, तेव्हा काही आठवड्यांत खाली.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला इचूकात कोणीही सांगेल. लोकर, कप्तान, शर्यती. नॅन्सी काटोच्या कादंबरीवरची ‘ऑल द रिव्हर्स रन’ ही दूरदर्शन मालिका 1983 मध्ये आली, तिच्यात ‘फिलाडेल्फिया’ नावाने झळकलेली ‘पेव्हेन्सी’ अजूनही या धक्क्याला लागते, आणि तिच्यापाशी फोटो काढायला रांग असते. पण लोकरीचे हे दिवस जेमतेम दोन दशकांचे. सिडनीच्या लोकांना आपल्या वसाहतीची लोकर मेलबर्नला जाते हे बघवत नव्हतं. त्यांनी आपली रेल्वे 1882 मध्ये ‘हे’ नावाच्या गावी आणि 1885 मध्ये बर्कला नेली. ज्या आगगाडीने बंदर उभं केलं, तिच्याच सख्ख्या बहिणीने त्याचा माल पळवला. त्यानंतरही गाव जगलं, बोटी चालत राहिल्या. त्या कशावर, हे धक्क्याकडे नीट पाहिलं तर कळतं.

धक्का लाकडाचा आहे. रेड गम या निलगिरीच्या जातीचा, आपल्याकडेही ज्याची लागवड झाली आहे त्या युकॅलिप्टस कॅमलड्युलेन्सिसचा. वरच्या अंगाला नदीच्या दोन्ही काठांवर बार्मा आणि मिलेवा ही रेड गमची विस्तीर्ण रानं आहेत. दर पुराला ती पाण्यात उभी राहतात आणि त्या पाण्यावरच जगतात. या झाडाचं लाकूड तांबडं, जड आणि पाण्यात लवकर न कुजणारं. धक्क्याचे खांब त्याचे. बोटींचे सांगाडे त्याचे. बॉयलरमध्ये जळणही तेच. काठाकाठाने लाकूडतोडे ओंडक्यांच्या राशी रचून ठेवत आणि बोटी थांबून त्या विकत घेत. आणि लोकर गेल्यावर बोटींवर लादला गेलेला मालही तोच. रेल्वेचे स्लीपर, पुलांचे खांब, मेलबर्नच्या रस्त्यांवर फरसबंदीसाठी ठोकळे. इचूकाच्या सॉमिल हे सगळं कापून देत होत्या.

ओल्या रेड गमचा ओंडका पाण्यात टाकला तर बुडतो. त्यामुळे बर्मात सागाचे तराफे सोडत तसे हे ओंडके सोडता येत नाहीत. यावर काढलेली युक्ती मला इथल्या सगळ्या रोमांचक कथांपेक्षा जास्त आवडली. बार्जवर आडव्या जाड तुळया टाकायच्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. त्या तुळयांना साखळ्यांनी ओंडके टांगायचे, अर्धे पाण्यात बुडालेले. पाणी थोडा भार पेलतं, बार्ज उरलेला. मग प्रवाहाच्या तालाने सुकाणू सांभाळत सॉमिलपर्यंत यायचं. साखळी तुटली तर ओंडका तळाशी, आणि तिथे पडून पुढच्या बोटीच्या पोटात घुसायला तयार.

गाव लाकडावर जगलं याचा पुरावा म्हणजे ‘अ‍ॅडलेड’ या बोटीचं आयुष्य. 1866 मध्ये ती इचूकातच बांधली गेली. आजही चालणारी जगातली सर्वांत जुनी लाकडी बांधणीची, वल्ह्यांच्या चाकांची आगबोट म्हणून तिची ख्याती आहे, आणि फलकावर तिचं ते वय ठळक लिहिलेलं असतं. लोकर तिने थोडीच वर्षं ओढली. 1870 च्या दशकापासून ते 1950 च्या दशकापर्यंत ती सॉमिलची बोट होती, रानातून ओंडके ओढणारी. सुमारे ऐंशी वर्षं. नंतर तिला पाण्याबाहेर काढून बागेत ठेवलं. पुढे गावकऱ्यांनी तिची डागडुजी केली आणि 1980 च्या दशकात ती पुन्हा नदीत उतरली. ‘अलेक्झांडर आर्बथनॉट’ ही 1923 ची बोट तर एका सॉमिल मालकाच्याच नावाची. इचूका लोकरीची गोष्ट विकतं. त्याचं बूड मात्र लाकडाचं आहे.

धक्क्याची तर स्वतःचीच चूल झाली. दुसऱ्या महायुद्धात मेलबर्नमध्ये सरपणाची टंचाई होती. 1944 मध्ये धक्क्याचा मोठा भाग उतरवून त्याचं सरपण केलं. आज उरलाय तो सुमारे चौथा हिस्सा.

रानाची दुसरीही एक बाजू आहे आणि फलकांवर तिला जागा कमी मिळते. ही जमीन योर्टा योर्टा लोकांची. गोऱ्यांनी मेंढ्या आणल्या, लाकूड नेलं, आणि या लोकांना मिशनच्या वस्तीत कोंबलं. फेब्रुवारी 1939 मध्ये वरच्या अंगाला कमरागंजा वस्तीतून दीडशेहून अधिक माणसं तिथल्या वागणुकीला कंटाळून उठली आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आली. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या पहिल्या मोठ्या सामूहिक निषेधांत त्याची गणना होते. याच लोकांनी नंतर जमिनीवरचा पारंपरिक हक्क मागितला. 2002 मध्ये तो दावा सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. 2010 मध्ये बार्माचं रान राष्ट्रीय उद्यान झालं. गेल्या काही वर्षांतला एक लहानसा बदल पुलावर दिसतो. 1878 च्या लोखंडी पुलाच्या जोडीला नवा बांधला, 2022 मध्ये तो खुला झाला, आणि त्याला धुंगाला हे नाव दिलं. योर्टा योर्टा लोक या नदीला धुंगालाच म्हणतात.

या पुलावरून जाताना सीमा कुठे बदलते हे शोधायचा खेळ करून पाहा, बहुतेक जण हरतात. ती नदीच्या मधोमध नाही. व्हिक्टोरियाच्या बाजूच्या काठाच्या वरच्या कडेवर व्हिक्टोरिया संपतं, म्हणजे सगळं पाणी न्यू साउथ वेल्सचं. इचूकाच्या धक्क्याला बांधलेली बोट दुसऱ्या राज्यात तरंगत असते. इथे मासे धरायचे तर परवाना पलीकडच्या राज्याचा लागतो. 1901 मध्ये सगळ्या वसाहतींचं एक राष्ट्र होईपर्यंत या सीमेवर जकात होती, त्यामुळे तस्करीही जोरात होती. 2020 च्या जुलैमध्ये कोविडसाठी हीच सीमा पुन्हा बंद झाली, तेव्हा अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावी रोज कामाला जाणाऱ्यांना परवाने काढावे लागले.

नदी आता पूर्वीइतकी स्वैर नाही. 1923 मध्ये खाली टोरमबरीला बंधारा झाला, पुढे वर ह्यूम धरण आलं. इचूकापाशी पाणी बऱ्यापैकी एका पातळीवर राहतं. तीन मजल्यांची गरजच संपली, असं वाटू लागलं होतं. मग ऑक्टोबर 2022 मध्ये असा पूर आला की गाव वाचवायला रस्त्यांमधून घाईघाईने मातीचा लांबच लांब बांध घालावा लागला. बांधाच्या आत काही घरं, बाहेर काही. बाहेरच्यांनी स्वतःच्या अंगणाभोवती वाळूच्या पोत्यांची भिंत रचली. धक्क्याचे खालचे मजले पाण्यात गेले, त्यासाठीच ते बांधले होते.

जायचं असेल तर जून महिना धरा. थंडी असते, पण त्याच सुमाराला वाफेच्या यंत्रांचा मेळावा भरतो आणि जुनी ट्रॅक्शन इंजिनं गावात धूर सोडत फिरतात. बोटीवर चढलात तर वरच्या डेकवरची जागा इतरांना सोडा आणि इंजिनाशेजारी उभे राहा. ‘एमीलू’ बोट 1980 च्या दशकातली, पण तिच्यातलं मार्शल कंपनीचं इंजिन 1906 चं आहे. शेगडीपाशी आगवाला ओंडके टाकत असतो. त्याला लाकडाबद्दल काहीही विचारा, तो मोकळेपणाने बोलतो.