अवरक्त किरण आणि पारपटलाची वेणी

डोळ्याच्या पुढच्या भागावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तरीही डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम पारपटलच करते. त्याचा आकार थोडा जरी बिघडला, तरी फळ्यावरील अक्षरे पुसट आणि वेडीवाकडी दिसू लागतात.

केरॅटोकोनस या रोगात असेच घडते. पारपटल हळूहळू पातळ होते व शंकूसारखे पुढे येते. हा रोग बहुधा तुमच्याच वयात सुरू होतो. पारपटलाला बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या रेणूत तीन साखळ्या वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. रोगट पारपटलात कोलॅजेनच्या तंतूंची मांडणी विस्कटलेली आढळते. पण खुद्द रेणूंमध्ये काय बदलते, हे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. येथे अवरक्त किरण मदतीला येतात.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला. तेथे कोणताच रंग नव्हता. पण पारा चढला! तेच हे अवरक्त किरण.

रेणूतील अणू स्प्रिंगने जोडलेल्या गोट्यांप्रमाणे सतत थरथरत असतात. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के दिले, तर झोका वाढत जातो. तसेच, किरणांची लय बंधाच्या लयीशी जुळली, की तो बंध ते किरण शोषून घेतो. प्रत्येक बंधाची लय निराळी. प्रथिनांतील कार्बन-ऑक्सिजन बंध सुमारे ६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतो. म्हणजे तो सेकंदाला जवळजवळ ५० लाख कोटी वेळा थरथरतो!

आता गंमत पाहा. वेणी घट्ट असेल, तर या बंधाची लय एक असते; सैल झाली, की ती किंचित बदलते. म्हणून शोषणाच्या आलेखातील शिखर थोडे सरकते किंवा पसरते. शस्त्रक्रियेत काढलेले रोगट पारपटल आणि निरोगी पारपटल यांचे आलेख शेजारी ठेवून शास्त्रज्ञ असे फरक शोधतात.

यात एक मोठी अडचण आहे. पारपटलात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि पाणीही याच तरंगलांबीच्या आसपास किरण शोषते. त्यामुळे नमुने बहुधा वाळवावे लागतात आणि सर्व नमुने सारख्याच पद्धतीने हाताळावे लागतात. नाहीतर पाण्यामुळे पडलेला फरक रोगाचा वाटायचा! याच कारणाने हे किरण जिवंत डोळ्याच्या आरपार सोडून तपासणी करता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? रोगावरील एका उपचारात पारपटलावर ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कोलॅजेनमध्ये नवे आडवे बंध तयार होतात व पारपटल ताठ होते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ही पद्धत विकसित झाली. रुग्णांवरील तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ती रोगाची वाढ बहुतेकदा थांबवते, पण पारपटल पूर्ववत करीत नाही. म्हणून रोग लवकर ओळखणे महत्त्वाचे.

डोळे वारंवार चोळण्याचा या रोगाशी संबंध आढळला आहे. तेव्हा डोळे खाजत असतील, तर चोळू नका; डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलत असेल, तर पारपटलाची तपासणी अवश्य करून घ्या.