लेप्टॉनिका कुठे आहे?

आमचे वडील कथा लिहीत असत. पुस्तक एकही निघाले नाही. जे छापून आले ते जुन्या मासिकांतून विखुरलेले. त्यांची कात्रणे आईने पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली आहेत. आता तिला बारीक टाईप दिसत नाही. "दिवाळीपर्यंत मोठ्या अक्षरांत काढून देतो," असे मी गणपतीत बोलून बसलो आणि अस्मादिकांच्या छळाला प्रारंभ झाला!

छापील पानाच्या फोटोतून अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' नावाची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे बरे! इतर प्रोग्रामांना उसना घेता येईल असा तयार कामांचा साठा. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ती घडली आणि २००५ साली तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला झाला. माझ्या संगणकावरील लिनक्समध्ये चौथी आवृत्ती तयार मिळत होती. मला हवी होती पाचवी. तेव्हा मूळ मजकूर आणून घरीच यंत्राच्या भाषेत उतरवायचा, म्हणजे कंपाइल करायचा, असे ठरले. मराठीच्या प्राध्यापकाने! सौभाग्यवतींनी काही न बोलता चहा आणून ठेवला, यावरून काय ते समजा.

पहिल्याच पायरीला यंत्राने ठणकावले: लेप्टॉनिका हवी. ही चित्रे हाताळणारी दुसरी लायब्ररी. तिच्यावाचून टेसरॅक्टचे पान हलत नाही. पण ती तर संगणकात होती! दोन संध्याकाळी मी हुज्जत घातली. शेवटी इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या आला.

"काका, खालची ओळ वाचलीत का?"

नव्हती वाचली. उत्तरपत्रिकेत प्रश्न नीट न वाचणाऱ्या मुलांचे गुण मी वीस वर्षे कापीत आलो आहे!

त्या ओळीत उपाय चक्क लिहिलेला होता. अशी लायब्ररी दोन भागांत मिळते. एक नुसती वापरणाऱ्यासाठी. दुसरा तिच्या आधाराने नवे काही बांधणाऱ्यासाठी. दुसऱ्या भागात 'हेडर' फायली असतात: कोणत्या नावाने हाक मारली की कोणते काम होते, त्याची यादी. माझ्याकडे ग्रंथ होता, अनुक्रमणिका नव्हती. शेवटी 'डेव्ह' असे नाव असलेला तो भाग बसवला, 'कॉन्फिगर' पुन्हा चालवले, 'मेक' म्हटले, आणि पडद्यावरून ओळी धावू लागल्या.

पुढची दोन विघ्ने किरकोळ. नवी लायब्ररी बसवूनही यंत्राला सापडेना. त्याच्या जुन्या नोंदवहीत तिचे नाव नव्हते. 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा देताच नोंद झाली. मग मराठीची फाईल मिळेना. इंग्रजीत तिचे नाव तीन अक्षरी, वाचले तर 'मार'! चौथ्या आवृत्तीबरोबर ती आली होती खरी, पण घरी बांधलेली पाचवी आवृत्ती भलत्याच कपाटात शोधत होती. फाईल तिथे नेऊन ठेवली.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पहिले पान निघाले. आईला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. "दुपारची वेल तिला खायला उठे..."

"'वेल' नव्हे रे, 'वेळ'," आई डोळे मिटूनच म्हणाली, "छापखान्यात द्यायची नक्कल मीच केली होती."