श्रीखंडाचा डबा, व्हाया आयोवा

दिवेआगरची मावशी आणि मिसिसिपीकाठची आजी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण त्यांची बटणांची देवाणघेवाण जोरात चाललीय!

मराठी घरात श्रीखंडाचा डबा उघडला की आत श्रीखंड सापडेलच, याची गॅरंटी कोणी देत नाही. आत निघतात बटणं, ब्लाऊजचे हूक, अर्धवट रिळं, सुयांची पुडी आणि कुठल्याशा फ्रॉकची उसवून ठेवलेली लेस. माझ्या मावशीच्या दिवेआगरच्या घरातही असा डबा आहे. फरक इतकाच, की त्यातली निम्मी बटणं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून आलीयत. आणि तिकडे आयोवातल्या एका घरात, काचेच्या बरणीत, दिवेआगरच्या नारळाच्या करवंटीची बटणं आहेत.

दोघी कधीही भेटलेल्या नाहीत. मधली दुभाषी म्हणजे मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. मैत्रीण शिकायला आयोवाला गेली आणि तिची घरमालकीण निघाली जुन्या बटणांची वेडी. मावशी त्यांना सरळ ‘बटणवाली आजी’ म्हणते.

वादळात गेलेला डबा

दिवेआगर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? वीकएण्ड, लांबलचक बीच, उकडीचे मोदक आणि सुवर्णगणेश. पण तिथल्या माणसांना त्याआधी एक तारीख आठवते, ३ जून २०२०. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात येऊन आदळलं. सुपारीची उंच, सडपातळ झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. सुपारीचं रोप लावलं की पीक हातात यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे वाडी गेली की नुसतं एका वर्षाचं उत्पन्न जात नाही.

मावशीच्या घराचे पत्रे उडाले. पायमशीन दोन दिवस पावसात भिजलं, बॉबिन केस गंजून गच्च झाली. आणि तो डबा? आजीच्या काळापासून जमवलेली बटणं, जरीचे काठ, रेशमाच्या लड्या, सगळं वाहून गेलं. घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. छप्पर नसताना बटणांसाठी कोण रडणार? पण मावशीने शिवण सोडलं. साधा फॉलसुद्धा गावातल्या दुसऱ्या बाईकडे द्यायला लागली.

मी ही गोष्ट फोनवर सहज मैत्रिणीला सांगितली. डिसेंबर २०२२ मध्ये ती सुट्टीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत कापडी पुरचुंडी होती. आत जुनी शिंपल्याची बटणं, लाकडी रिळावरचा दोरा आणि हाताने विणलेली वीतभर लेस. सोबत चिठ्ठी : ‘माझ्याकडे खूप आहेत. तुमचा डबा पुन्हा सुरू करा.’

नदीतली बटणं, वाडीतली बटणं

ही शिंपल्याची बटणं म्हणजे काय प्रकरण आहे? ऐका, गोष्ट भन्नाट आहे. आयोवामध्ये मिसिसिपी नदीच्या काठावर मस्कटीन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिराने तिथे नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ पर्यंत हे गाव वर्षाला सुमारे १५० कोटी बटणं बनवत होतं, जगातल्या एकूण बटणांच्या एक तृतीयांशाहून जास्त! मग नदीतले शिंपले संपत आले, प्लॅस्टिक आलं, झिप आली आणि धंदा बसला. आता तिथे बटणांचं म्युझियम आहे.

मैत्रिणीने त्या काळच्या टाकून दिलेल्या शिंपल्यांचा फोटो पाठवला. प्रत्येकात गोल गोल भोकं, जिथून बटणं कापून काढली ती. मावशीने फोटो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. मग उठून मागच्या पडवीतून एक करवंटी घेऊन आली. तिच्यातही तशीच गोल भोकं! वादळानंतर बचत गटाच्या शिबिरात ती करवंटीच्या वस्तू करायला शिकली होती. सुकी करवंटी आतून-बाहेरून घासायची, गोल पात्याच्या ड्रिलने चकत्या कापायच्या, कडा कानशीने मारायच्या, दोन किंवा चार भोकं पाडायची आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. पण शिबिर संपल्यावर ती करवंटी तशीच पडून होती.

आठवड्याभरात तिने २४ बटणं केली. एकही दुसऱ्यासारखं नाही. मशीनवाला बोलावून बॉबिन केसही बदलून घेतली.

स्वॅप? आपल्याला नवीन नाही!

आपल्याला वाटतं, ‘स्वॅप’ म्हणजे फॉरेनचा फंडा. पण जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण विसरलात? आणि आईचं लुगडं, बाबांचं धोतर, आपला शाळेचा युनिफॉर्म एकत्र नांदवणारी गोधडी? जुनं कापड पसरायचं, थर लावायचे, कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. हा टाका जगातल्या प्रत्येक शिवणाऱ्या बाईला कळतो, त्याला सबटायटल लागत नाहीत.

अर्थात कस्टम्सला टाका कळत नाही. २०२४ मध्ये आजींनी पोस्टाने पाठवलेल्या डबीवर ड्युटी भरावी लागली. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची करमाफी भारताने काढून टाकली. सूट ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. मावशी म्हणाली, “राखी म्हणजे तरी काय? दोराच ना? मग माझ्या रिळाने काय पाप केलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोधडी अडकली

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आजींनी कळवलं की राहतं घर विकून त्या हिवाळ्यात मुलीकडे राहायला जाणार. सामान कमी करायचंय, बटणांची बरणी मात्र सोबत येणार. मावशीने ठरवलं, पायावर घ्यायची छोटी गोधडी पाठवायची. त्यासाठी तिने तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, नऊवारी लुगड्याला कात्री लावली. वादळातून वाचलेलं ते एकच लुगडं. मी म्हटलं, “मावशी, नक्की?” ती म्हणाली, “ट्रंकेत ठेवून कोणाला ऊब मिळणारेय?”

गौरी-गणपती उरकून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पोस्टात गेलो. काउंटरवर उत्तर मिळालं, अमेरिकेचं बुकिंग बंद! अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून रद्द केली होती. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने आधी बहुतेक पार्सलं आणि मग पत्रांसकट सगळंच टपाल थांबवलं होतं. मावशीने पार्सल पदराखाली घेतलं, घरी आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. सव्वा महिना रोज सकाळी माझ्या फोनवर एकच मेसेज, “सुरू झालं का?”

१५ ऑक्टोबरला सुरू झालं. दिवाळीच्या धामधुमीत गोधडी निघाली आणि घर बदलायच्या दहा दिवस आधी पोचली.

तुम्हालाही करायचंय?

• सुरुवात देशातच करा. बटणं, लेस, कापडाचे तुकडे वजनाला हलके असतात, स्पीड पोस्टने आरामात जातात.

• परदेशी पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तू आणि किंमत खरी लिहा. नियम बदलत राहतात, पॅकिंगआधी काउंटरवर विचारा.

• बीचवर वेचलेले शंख-शिंपले पाठवू नका. काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

• सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी हवीच. वस्तू कोणाची, कुठली, हे त्यात सांगा.

आजींचं उत्तर नोव्हेंबरच्या शेवटी आलं. फोटोत त्या नव्या घरात खिडकीपाशी बसल्यात, गुडघ्यांवर माझ्या आजीचं लुगडं. खाली प्रश्न : ‘दोन्ही बाजू इतक्या सुंदर आहेत, यातली वरची कुठली?’

मी भाषांतर करून सांगितलं. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “सांग त्यांना, गोधडीला उलटसुलट नसतं. थंडी वाजली की ओढायची.”