पोलादपूरचा कातळ आणि काळाची दिशा

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांतून खोदला आहे. दख्खनच्या लाव्हाथरांतल्या दोन गटांना भूशास्त्रात पोलादपूर आणि आंबेनळी हीच नावे आहेत. काळ्या कातळाच्या थरांमध्ये जागोजाग विटकरी मातीचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थिजला, ऊनपावसाने त्याची माती झाली, मग वरचा लाव्हा पसरला; पट्टा म्हणजे मधली उसंत. सह्याद्रीतल्या अशा पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. घडताना ते युरेनियम सामावून घेतात, शिशाला जवळजवळ थारा देत नाहीत. आत आज सापडणारे शिसे युरेनियमच्या क्षयातून आलेले असते. युरेनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५चे सुमारे ७० कोटी. इतक्या वेगळ्या गतीची दोन घड्याळे एकाच कणाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे सांगतात. क्षयाचे गणित ही केवळ आपली सोय असती, तर हा मेळ बसला नसता. यावर कुणी २०१९ सालचा वाद पुढे करील. त्या वर्षी दोन संशोधकगटांनी या थरांची वये मांडली. एकाच्या मते उद्रेक टप्प्याटप्प्याने झाले. दुसऱ्याच्या मते ते बरेचसे सलग होते. पण मतभेद होता मोजलेल्या तारखांमधली जागा कशी भरायची याबद्दल. क्षयाचा नियम दोघांनाही मान्य होता.

मात्र त्या नियमात ‘आत्ता’ कुठेच नाही. एकट्या अणूला म्हातारपणही नाही: कोट्यवधी वर्षे टिकलेला अणू पुढच्या वर्षी फुटण्याची शक्यता नव्या अणूइतकीच असते. सापेक्षतेचा आधार घेऊन काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात, काळ सरतो हा निव्वळ भास. मला हे पटत नाही. अणूंचा मोठा समूह घेतला, की घड्याळ तयार होते. दिशाही समूहातच उमटते. कातळाची माती होते, मातीचा कातळ आपसूक होत नाही, कारण विस्कळीत रचना नीटस रचनांपेक्षा अफाट संख्येने जास्त असतात. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्समनने एकोणिसाव्या शतकात हे गणितात मांडले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे यांतला फरक तिथल्या माणसांच्या मनाचा खेळ म्हणणे चूक आहे, निर्दयही आहे. कोसळलेला डोंगर पुन्हा उभा राहत नाही. आठवणही मेंदूत ऊर्जा खर्चूनच उमटते, म्हणून तिलाही तीच दिशा असते. विश्वाचा आरंभ इतक्या नीटस स्थितीत का झाला, हे मात्र बोल्ट्समनच्या सूत्रातून कळत नाही; ते कोडे महास्फोटाच्या अभ्यासकांपुढे आजही आहे.