सिटीवेस्टची माती आणि वाफशाचं गणित

सिटीवेस्टमध्ये घर घेतलं की मागे दहा पावलांची का होईना, बाग मिळते. एप्रिलमध्ये गार्डन सेंटरमधून लॅव्हेंडर, कॅमेलिया, ब्लूबेरी गाडीत भरून येतात आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यातली बरीचशी मान टाकतात. मग निष्कर्ष ठरलेला: "माझा हातगुणच बरा नाही." पण हातगुणाचा इथे फारसा संबंध नाही. प्रश्न मातीचा आहे, आणि ती समजून घ्यायला लागणारे शब्द मराठीत आधीपासून आहेत.

डब्लिनच्या सपाट भागाखाली चुनखडक आहे. हिमयुगात बर्फाने तो भरडला आणि चिकणमाती व दगडगोट्यांसकट सगळीकडे पसरवला. त्याला इथे बोल्डर क्ले म्हणतात. आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, भारी आणि चुनखडीयुक्त जमीन. त्यात नव्या वसाहतींमध्ये बांधकामाच्या यंत्रांनी ती दाबलेली असते आणि वरचा सुपीक थर अनेकदा जेमतेम वीतभर.

भारी जमीन म्हटलं की मराठवाड्यातली काळी माती आठवते. मग तिथे कापूस होतो, तर इथे झाडं का मरतात? पाऊस बघा. सिटीवेस्टशेजारच्या केसमेंट विमानतळावर वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यातही जवळपास तेवढाच. पण पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला बारा महिने झिरपत राहतो. पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशा बेताच्या ओलाव्यावर येते, त्याला वाफसा म्हणतात. मुळांना तेव्हा पाणीही मिळतं आणि हवाही. इथे नोव्हेंबर ते मार्च भारी जमिनीला वाफसा क्वचितच येतो, आणि मुळं गुदमरतात.

म्हणून झाड घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर निचरा नाही. मग चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, म्हणजे सामू, अर्थात पीएच, ७ च्या वर.

यावरून झाडं का गेली तेही कळतं. लॅव्हेंडरला चुना चालतो, पण हिवाळ्यात पाय ओले राहिलेले सोसत नाहीत. कॅमेलिया आणि ब्लूबेरीला आम्ल माती लागते. चुनखडीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे चुनखडीच्या रानात भुईमूग पिवळा पडतो, तोच हा प्रकार.

मग मातीच बदलली तर? पोतंभर वाळू मिसळून चिकणमाती हलकी होत नाही. फरक पडायला प्रचंड वाळू लागते. जिप्समचा सल्लाही मिळतो. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीची घडण मोडते, तिथे जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि उपयोग होतो. इथल्या चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम आधीच भरपूर आहे. खरा फायदा दरवर्षी वरून पसरलेल्या कंपोस्टचा किंवा शेणखताचा, आणि ओल्या मातीवर पाय न देण्याचा. त्याने निचरा हळूहळू सुधारतो, सामू मात्र फारसा हलत नाही.

डब्लिनच्या ग्लासनेव्हिनमधलं राष्ट्रीय वनस्पती उद्यान १७९५ सालचं. तिथली मातीही चुनखडीची. एकोणिसाव्या शतकात हिमालयातले ऱ्होडोडेंड्रॉन आयर्लंडमध्ये आले, तेव्हा तिथले प्रमुख डेव्हिड मूर यांनी अशी झाडं विकलोमधल्या किलमाकरा इस्टेटीत लावायला दिली. तिथली माती आम्ल आणि पाऊस जास्त. झाडं तिथे रुजली, फोफावली. आज ती बाग ग्लासनेव्हिनच्याच अखत्यारीत आहे. हाताशी माळी आणि शास्त्रज्ञ असतानाही त्यांनी माती बदलली नाही, झाडाची जागा बदलली.

आपल्याला विकलोत इस्टेट नाही, तेव्हा झाड बदलायचं. भारी, ओल्या, चुनखडीच्या जमिनीत हॉथॉर्न आणि गेल्डर रोझ ही इथलीच झाडं छान येतात. लाल काड्यांचं डॉगवुड हिवाळ्यात शोभतं. गुलाब, डे-लिली, ब्लॅककरंट हेही चिकणमातीत सुखी असतात. ऑल्डरला ओल आवडते, पण छोट्या बागेला तो झेपत नाही.

मेथी-कोथिंबिरीसाठी फूटभर उंचीचा गादीवाफा करा. त्यात लॅव्हेंडरही जगेल. ब्लूबेरी आम्ल मातीच्या कुंडीत, तिला पावसाचं पाणी. कढीपत्ता कुंडीतच आणि हिवाळ्यात घरात, खिडकीशी. आणि या शनिवारी गार्डन सेंटरला जायच्या आधी फक्त तो एक खड्डा खणा.