ब्रिटनमध्ये जुने कपडे घेताना: आधी लेबल, मग आरसा

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांनो, चॅरिटी शॉप दिसलं की आत शिराच. लोकांनी दान केलेल्या वस्तू तिथे विकतात आणि पैसे संस्थेच्या कामाला जातात. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं ऑक्सफॅमचं दुकान तर १९४० च्या दशकापासून चालू आहे.

कपडा खरंच जुना आहे का, हे आतून कळतं. मार्क्स अँड स्पेन्सरचं 'सेंट मायकल' लेबल १९२८ मध्ये आलं आणि २००० च्या सुमारास मागे पडलं. ते दिसलं, तर कपडा बहुधा विसाव्या शतकातला. त्याहून भारी म्हणजे 'सीसी ४१' हा शिक्का! दुसऱ्या महायुद्धात कापड रेशनवर गेलं, तेव्हा सरकारी नियमांनुसार शिवलेल्या कपड्यांवर तो १९४१ ते १९५२ या काळात असे. ड्रेसला धातूची चेन असेल, तर तो १९६० च्या दशकातला किंवा आधीचा असू शकतो. (जीन्सला हे लागू नाही, तिथे आजही धातूचीच चेन असते.)

साइजच्या आकड्यावर जाऊ नका, जुने आकडे आजच्यापेक्षा बरेच लहान निघतात. टेप जवळ ठेवा. लोकर उजेडात धरून कसर लागली आहे का बघा. काखेत विरलेलं रेशीम सरळ परत ठेवा. उसवलेली शिवण चालेल.

लंडनमधल्या ब्रिक लेनकडची खास व्हिंटेज दुकानं महाग, पण माल निवडलेला असतो. कोट तिथेच घ्यावा, स्वेटर चॅरिटीत.

आणि ब्रिटनमध्ये कर भरत असाल, तर चॅरिटी शॉपला स्वतःचे कपडे देताना गिफ्ट एडचा फॉर्म भरा. विक्रीच्या दर पाउंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात.